उतराचंच होतं तं चढले काहून?

…नाई, पन मले एक सांगा राजेहो, सायकल मानसानं वापराची असते का सायकलीनं मानूस? मानसाच्या खाली सायकल पाह्यली आपन, सायकलीच्या खाली मानूसबी पाह्यला, मोर्शीच्या बाजारात एखांदा पडतेच… पन मोटारीच्या टपावर बसलेली सायकल, आन् तिच्या खाली काचा लावून, एसी सोडून बसलेला सायकलवाला? हे काय हाये? सायकल मोटारीवर बसून चिखलदऱ्याचा घाट चढते. वर गेल्यावर तिले हळूच उतरवते, न्हाल्या लेकरासारखी पुसते, मंग तो मानूस डोक्यावर टोपलं घालते, गुडघ्याले वाट्या बांधते, आन् त्याच सायकलीवर बसून जंगलातून, गोट्यागोट्यांतून, जीव मुठीत धरून खाली येते! बरं, खाली येऊन घरी जाते म्हनसान तं नाई! खाली मोटार उभीच! पुन्हा सायकल टपावर, पुन्हा वर! अरे बाबू, उतराचंच होतं तं चढला काहून?

हा प्रश्न माझा नाई बरं का. मी फक्त बोंबलतो, इच्यार कराचं काम उत्तमरावचं. उत्तमराव म्हंजे आमचा मोर्शीकडचा संत्र्याचा बगीच्यावाला. साठीले टेकला हाये, अंगात कुडतं-पायजमा, खांद्यावर दुपट्टा, डोक्यावर पांढरी टोपी. आन् जवानीत काय होता तुमाले सांगतो… शंकरपटाचा धुरकरी! बैलांच्या शर्यतीत त्याची जोडी सुटली का धूळ मागं राहून जाये, आन् ते धूळ पोचेस्तोवर हा घरी जेवून हात धूत असे. खोटं वाटत असन तं धुळीले इच्यारा.

पन त्याले खोड एकच, उठता-बसता इच्यारे. काहून? लेकरू लहान असते तवा 'काहून, काहून' करते, मंग शाळेत मार खाऊन ते सुटते. उत्तमरावचं सुटलंच नाई. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरला तं भटजीले इच्यारे, "महाराज, हे फडकं मधात काहून?" तं फडक्याच्या पलीकडून वच्छलाबाई, म्हंजे त्याची होनारी बायको, दात दाबून म्हने, "तुमी गप राहावं म्हनून!" तवापासून तो इच्यारून राहिला, आन् ते गप करून राहिली. सुखाचा संसार.

आन् नेमकी अशा मानसाच्या पोरीले सायकलवाल्याची सोयरीक आली!

पोरगी आकांक्षा, अमरावतीले कॉलेजात शिकवते. पोरगा विपुल, अकोल्याचा, पाटबंधाऱ्यात इंजिनिअर. बाप महादेवराव, काळी जमीन, दारात बैलजोडी, घर स्वतःचं. पोराले दारू नाई, खर्रा नाई, तोंडात शिवी नाई. आता तुमीच सांगा, येवढं चांगलं असन तं शंका येईन का नाई? उत्तमरावनं चौकशी लावली. जो तो एकच सांगे, "पोरगा लाख हाये, फक्त रविवारी सायकल घेऊन चिखलदऱ्याच्या जंगलात जाते."

जंगलात? काय कराले?

"उतराले."

झालं! उत्तमरावची झोप उडाली. पारावर तं गोष्टीले पाय फुटले. एक म्हने, तिथल्या किल्ल्यात खजिना पुरलेला असन, खोदत असन. दुसरा म्हने, वरच्या गावात दुसरं बिऱ्हाड असन. तिसरा, जो कधी मोर्शीच्या बाहेर गेला नाई, तो म्हने, अस्वलाची शिकवनी घेत असन. तिसरा म्हंजे मीच, पन जाऊ द्या ते.

उत्तमराव पोरीले म्हने, "वं आकांक्षा, जो मानूस उतराले चढते, त्याच्या संगं संसार कराचा कसा?"

पोरगी बापाचीच. म्हने, "बाबा, मले तो पसंत हाये. पन तुमची 'हो' आल्याशिवाय मी समोर जात नाई. आन् त्याले घरी बलावून सोफ्यावर पाहू नोका, सोफ्यावर समदेच चांगले दिसते. रविवारी त्याच्यासंगं जा, त्याच्या जंगलात पाहा. सांजच्याले एकच सांगा, हो का नाई. तुमी नाई म्हनले, तं नाई." येवढं बोलून पोरीनं नजर खाली घातली. जोड्या लय पारखल्या त्यानं, पन इथं चूक झाली तं बदलून कोन देते? पोरीनं निरा समदं त्याच्या एका शब्दावर ठेवलं होतं.

वच्छलाबाई सैपाकघरातून म्हने, "जा, पन सायकलीवर बसू नोका. सांगून ठेवतो!"

बायको 'बसू नोको' म्हनते, तं पुढचं तुमाले माहीतच हाये.

तं रविवारी भल्या सकाळी परतवाड्याहून मोटारीत बसले. टपावर तीन सायकली, खाली डायवर आन् तीन मानसं. विपुल, त्याचा दोस्त स्वप्निल आन् मधात उत्तमराव. स्वप्निलच्या हातात मोबाईल असा चिकटला होता का जन्मतानीच घेऊन आला असन. त्यानं घाटाचा फोटो काढला, माकडाचा काढला, माकडानं उत्तमरावकडं पाह्यलं त्याचा काढला. आन् विपुल? "काका, खिडकी लावू का? काका, गार लागते का? काका, मळमळते का?" उत्तमराव मनात म्हने, बैल इकतानी मालक असाच गोड बोलते.

पयले गेले गाविलगडावर. विपुल म्हने, "काका, आधी किल्ला पाहू, मग उतरू." हे थोरले दरवाजे, दगडात कोरलेली जनावरं, तटाच्या भिंती पार दरीच्या काठापर्यंत गेलेल्या, आन् गवतात पडलेली तोफ. अशी लांब का तिच्यात मानूस झोपला तं पाय बाहेर येनार नाई. उत्तमरावनं तिच्यावर हात फिरवला, वाकून तोंडात पाह्यलं, मांगं जाऊन पाह्यलं. म्हने, "येवढं लोखंड येवढ्या वर चढवलं कसं?"

"हत्ती, बैल, मानसं, जे होतं ते लावलं असन, काका."

"आन् मंग?"

"मग इंग्रज आले. किल्ला पडला."

"म्हंजे किल्लेवाले उतरले."

"उतरले."

"इंग्रज चढले."

"चढले."

"आन् मंग तेबी उतरले!" उत्तमराव तोफेवर थाप मारून म्हने, "मंग बाबू, समद्याइले उतराचंच होतं तं चढले काहून?"

पाहा राजेहो! शाळेत आमाले इतिहासात निरे सन पाठ कराले लावले, हा प्रश्न एकाबी मास्तरनं इच्यारला नाई!

मंग उत्तमरावनं मुद्द्याले हात घातला. ज्याच्यासाठी आला होता तेच इच्यारलं. "आन् तुमचं काय, जवान? तुमी काहून चढता?" आता इथं दुसरा असता तं त्यानं काय सांगतलं असतं? तब्येत चांगली राहाते, हवा शुद्ध असते, डोकं हलकं होते… उत्तमराव तयारच होता, असं बोलला का पोरगा नापास! पन विपुल दरीकडं पाहून म्हने, "खरं सांगू काका? मलेच नाई समजलं अजून. म्हणून तं दर रविवारी येतो."

झाली ना पंचाईत! आता हा पोरगा निरा भोळा हाये का पक्का हुशार हाये? उत्तमराव म्हने, इथं उभं राहून कळनार नाई. म्हने, "आना ते सायकल."

आता सायकल पाहा. टायर ट्रॅक्टरचे, दांडा म्हशीच्या मानेयेवढा, आन् सीट? सीट आंब्याच्या कोयीयेवढं! उत्तमराव चारी बाजूनं फिरला. कॅरिअर नाई, मडगार्ड नाई, घंटी नाई. खाली वाकून पाह्यलं तं स्टँडबी नाई! त्याले पोराची भल्ली कीव आली. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हने, "फसवलं बाबू तुले दुकानदारानं. येवढ्या महागाची सायकल, आन् स्टँडबी नाई दिला?"

स्वप्निल हसता हसता दगडावर जाऊन बसला. विपुल हसला नाई. म्हने, "काका, विचारतो त्याले." उत्तमरावनं मनात मास्तरवानी बरोबरची एक टिकली मारली. पोरगा वडिलधाऱ्याले हसत नाई.

मंग टोपल्याचं भांडन. विपुल म्हने हेल्मेट घालाच लागते. उत्तमराव म्हने, "होनाऱ्या सोयऱ्याच्या पोरासमोर टोपी काढून बोडका होऊ का?" तं येरवी लोन्यासारखा पोरगा, पन इथं दगड झाला! "काका, हेल्मेट नाई तं सायकल नाई. आपन मोटारीनं उतरू." उत्तमरावनं टोपी घडी करून खिशात ठेवली, आन् दुसरी टिकली मारली. पोरगा अडते तिथं अडते.

विपुलनं वाट समजावून सांगतली. जंगल खात्यानं मोकळी ठेवलेली जुनी गाडवाट, सागाच्या झाडीतून खाली टेकडीच्या पायथ्याले देवीच्या ठान्यापर्यंत जाते. "ब्रेक हे असे, दोन बोटांनी, हळूहळू दाबाचे. मी समोर राहातो. माझ्या मागं मागं या."

आता ऐका. उत्तमराव सीटवर बसला, हँडल हातात आलं, आन् हाताले काय वाटलं असन? कासरा! जल्मभर त्या हातानं बैलाचा दोर धरलेला, त्याले काय माहीत समोर रबर हाये? उतार लागला, सायकल सुटली, उत्तमराव घाबरला, आन् बैल आवराले जसा कासरा मांगं ओढते तसं त्यानं दोन्ही हातानं हँडल हिसकलं! समोरचं चाक वर! सायकल नंदीवानी दोन… नाई, एका पायावर उभी! मांगून स्वप्निल वरडला, "अरे व्वा काका! काय व्हीली मारली!" उत्तमरावले वाटलं, हा शिवी देऊन राहिला. चाक खाली आदळलं, पुन्हा वेग, पुन्हा ओढलं, पुन्हा चाक वर! असा एक एक उडी घेत हा मानूस गोट्यागोट्यांतून चालला. झाडावरचे वांदरं खाली आले पाह्याले! एका वांदरीनं पोट्ट्याच्या डोळ्यावर हात ठेवला, मी सांगतो तुमाले! आन् दर आदळ्याले उत्तमरावच्या तोंडातून एकच, "उतराचंच… आई व माय… होतं तं… मेलो… चढलो काहून!"

ब्रेक? ब्रेक होते ना बोटाजवळ! सांगतलेबी होते! पन बैल थांबवाले बोटं कोन वापरते, सांगा!

समोरून विपुल मांगं पाहून वरडे, "काका, ब्रेक! काका, रिलॅक्स!" आता मानूस मराले लागला, त्याले इंग्रजीत काय कळते? विपुलले दिसलं हा हँडल ओढून राहिला. आन् तुमाले सांगतो, त्या क्षनाले त्या इंजिनिअर पोराच्या तोंडातून त्याच्या बापाच्या वावरातली भाषा निंघाली:

"काकाऽऽ! कासरा ढिला सोडा! वढू नोका! जनावराले वाट माहीत हाये!"

उत्तमरावच्या कानात ते शिरलं आन् हात आपोआप ढिले पडले. त्यानं हँडल सोडलं नाई, फक्त जीव ढिला सोडला. आन् राजेहो, सायकल सरळ झाली! चाकं जमिनीले चिकटली. सागाचा पाचोळा खालून करकर वाजे, ऊन-सावली, ऊन-सावली अंगावरून पळे, डावीकडं दरी उघडली तं तिच्यात धुकं सायीसारखं पसरेल, आन् वर किल्ल्याची भिंत त्याच्यासंगं पळून राहिली होती. पोटातून एक अशी गुदगुली उठली… त्याची पयली जोडी सुटली तवा उठली होती, तशीच. त्याले हसू आलं. येवढा थोरला मानूस, जंगलात एकटा, खदाखदा हसत उतारानं चालला! मले तो म्हने, "त्या वक्ती मले कोनी इच्यारलं असतं ना, काहून चढला, तं मी सांगून टाकलं असतं." मी म्हटलं, मंग सांग ना आता! तं म्हने, "आता नाई आठवत. वाऱ्यात उडालं."

घ्या! येवढा मानूस मरता मरता वाचला, आन् उत्तर वाऱ्यात उडालं!

पन सुख म्हंजे काय, सुखाच्या टोकाले वळन असतेच. वाट संपली, समोर देवीचं ठानं, बाजूले पार्बताबाईची नारळाची आन् चहाची टपरी, आन् मधात उत्तमराव बानासारखा. ढिला सोडाचं त्याले समजलं होतं, थांबाचं कोनी त्याच्या भाषेत सांगतलंच नाई! तो आपला वरडे, "हो… हो… होऽऽ! थांब वं माय, होऽऽ!" आता बैल असता तं थांबला असता ना? ते रबर! ते काय थांबते?

विपुल आधी पोचला होता. जे सायकल हा पोरगा लेकरासारखी पुसे, ते त्यानं गोट्यांवर भिरकावून देल्ली, आडवा धावला आन् उत्तमरावले दोन्ही हातानं मिठी मारली. दोघंबी मिठीतच रायमुनियाच्या झुडपात! सायकल उत्तमरावच्या पायात, पायजमा साखळीत, हेल्मेट एका कानावर, आन् खिशातली टोपी उडून धुळीत.

पार्बताबाई धावत आली. "काय मेलं का कोनी?"

"टोपी!" उत्तमराव म्हने, "पयले माही टोपी पाहा!" बाईमानसासमोर बोडकं कसं राहाचं?

आता चित्र डोळ्यासमोर आना. उत्तमरावले झाडाच्या बुडाशी बसवलं. विपुलचं कोपर सोललं होतं, रगत आलं, तं उत्तमरावनं खांद्यावरचा दुपट्टा काढला आन् पोराच्या गळ्यातून घेऊन त्याच्या हाताले झोळी बांधली. विपुलनं टोपी झटकली आन् दोन्ही हातानं काकाच्या डोक्यावर ठेवली. पार्बताबाई म्हने, "देवीनंच वाचवलं व माय," आन् तिनं उत्तमरावच्या हातात नारळ देल्ला. आन् त्याच वक्ती, नेमका त्याच वक्ती, विपुल पायजम्यातून साखळी सोडवाले खाली वाकला… म्हंजे उत्तमरावच्या पायावर!

स्वप्निलनं फोटो काढला.

आता वऱ्हाडातल्या मानसाले मी काय समजावू? ज्याले नाई माहीत त्याच्यासाठी सांगतो. आपल्याकडं सोयरीक पक्की झाली म्हंजे काय करते? टोपी, दुपट्टा, नारळ, आन् जवाई पाया पडते! फोटोत समदं होतं! निरा भटजी कमी होता! स्वप्निल भोळा, त्यानं खाली लिवलं, "काका आणि विपुल, मोहीम फत्ते", आन् देल्ला सायकलवाल्या दोस्ताइच्या ग्रुपवर सोडून.

वर जंगलात मोबाईलले रेंज नाई, खाली आल्यावर लागली. तं फोटो विपुलच्या सायकलवाल्याइकडून अकोल्याच्या घरी, अकोल्याहून आत्याकडं, आत्याकडून मामाकडं, आन् हे लोक चहा पिऊन परतवाड्यात पोचत नाई तं उत्तमरावचा फोन खिशात असा थरथरे का त्याले वाटलं अजून उतारच चालू हाये. पयला फोन महादेवरावचा: "अभिनंदन व्याही! आमाले वाटलं चौकशी चालू हाये, तुमी तं देवीसमोर टोपी-दुपट्टा उरकला! पन टोपी आमच्या पोरानं तुमाले घातली, असं कसं?" दुसरा फोन माहा होता. मी फक्त येवढंच म्हटलं, "उत्तमराव, लग्नाआधीच जवायानं टोपी घातली ना!" त्यानं कापून टाकला. तिसरा वच्छलाबाईचा. ते म्हने, "पोरीची माय घरी बसून हाये, मामा हाये, मावशी हाये, समद्याइले सोडून तुमी जंगलात सोयरीक जमवली? आन् सायकलीवर बसले का नाई, ते पयले सांगा."

उत्तमराव सांजच्याले घरी आला तं वाकडा चाले. अंगनात आकांक्षा उभी. हातात मोबाईल, पन तिनं तो उलटा धरला होता. म्हने, "बाबा, फोटो मी मोजत नाई. फोटोत समदे सोफ्यावरच असते. तुमी सांगा."

"हो," उत्तमराव म्हने.

"काहून?"

पाहा! जल्मभर ज्यानं समद्याइले इच्यारलं, त्याले त्याच्याच पोरीनं इच्यारलं! उत्तमरावनं दाराच्या चौकटीले धरलं. म्हने, "मी पडत होतो ना, तं त्यानं सायकल नाई पाह्यली. मले पाह्यलं."

पोरगी आत गेली आन् लगेच बाहेर आली. डोळे पुसेल होते.

मंग काय, लगेच बैठक ठरली. महादेवराव अकोल्याहून आठ-दहा मानसं घेऊन आले. बैठक म्हंजे तुमाले माहीत, सतरंजी टाकते, तक्के ठेवते, दोन्हीकडचे मामे फुगून बसते, आन् मानपान, जेवन, बँड यावर दिवस मावळते. महादेवराव म्हने, "बसा, व्याही." उत्तमराव म्हने, "नाई, तुमी बसा." "असं कसं, तुमी बसा." "नाई, मले उभंच राहू द्या." आता ते आंब्याच्या कोयीयेवढं सीट त्याच्या अंगात कुठं कुठं शिरलं होतं, हे चारचौघांत सांगते का कोनी? पोरीचा बाप उभा, तं पोराचा बाप बसन कसा? महादेवराव उठले. महादेवराव उठले तं मामे उठले. समदी बैठक उभी! आन् राजेहो, उभ्यानं मानूस किती वेळ भांडते? पाय दुखाले लागले तसे मामे 'हो, हो' म्हनाले लागले. चहा थंडा झाला नाई तं मानपान ठरला, जेवन ठरलं, बँड नाई तेबी ठरलं. आजवर वऱ्हाडात जितक्या सोयरिकी मोडल्या ना, त्या बसल्यामुळंच मोडल्या, हे मले त्या दिवशी समजलं.

शेवटी फक्त मुहूर्त राह्यला. भटजीनं पंचांग उघडलं, म्हने, "ह्याच महिन्यात मस्त तिथी हाये." समद्याइनं माना डोलावल्या. तं वच्छलाबाई चहाची बशी खाली ठेवून म्हने, "महाराज, तिथी मांगून पाहा. पयले ह्या मानसाले पाटावर बसता येईन तो दिवस काढा… कन्यादान काई उभ्यानं होत नाई."